डावा पुढचा पाय

ग्यानोबानं पत्र्याची पट्टी पावलाच्या ठशाभोवती गोल करून ओल्या मातीत रोवली आणि तांब्यातलं कालवलेलं प्लास्टर हळूहळू आत सोडलं. दहा पावलांवर, गव्हाच्या बांधाला, नर्मदाबाई पडली होती. तिच्यावर कुणीतरी धोतर पांघरलं होतं. गळ्याच्या जागी ते सकाळपासून काळं पडत चाललं होतं. मागं अर्धं गाव काठ्या-कुऱ्हाडी घेऊन उभं होतं.

"किती वेळ लागंल?" वनपाल गुलाबसिंगनं विचारलं.

"पंधरा-वीस मिनिटं, साहेब. घट्ट व्हायला पायजे."

काठ्या कोरड्या नव्हत्या. बाईचं मढं दिसल्यावर गाव बिबट्या शोधायला निघालं होतं, आणि रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळीत त्यांना एक तरस सापडलं. शोधायला साठ माणसं निघाली की जे सापडेल तोच बिबट्या. नळीच्या एका तोंडातून पेटतं गवत कोंबलं, आणि ते खोकत दुसऱ्या तोंडानं बाहेर आलं तसे घाव सुरू झाले. पहिल्या आठ-दहा घावांतच ते मेलं असणार. पण बाकीच्या पन्नास जणांनाही घरी जाऊन सांगायला काहीतरी हवं होतं, म्हणून मारणं बराच वेळ चाललं. जबडा वेगळा झाला, एक डोळा रस्त्यावर आला. ह्याच्या अंगावर पट्टे आहेत, बिबट्याला ठिपके असतात, असं ग्यानोबानं सांगून पाहिलं. तेव्हा एकजण काठी गवतावर पुसत म्हणाला, "असू दे. त्याचं पाव्हणं असंल."

ग्यानोबा माळावरच्या निसर्ग परिचय केंद्रात हंगामी माणूस होता. दिवाळीपासून होळीपर्यंत शाळांच्या सहली येत, तेवढ्यापुरता अंगात खाकी शर्ट. झाडणं, पाणी भरणं, भिंतीवरची चित्रं काठीनं दाखवणं ही त्याची उघड कामं. आणखी एक काम होतं, त्याची नोंद कुठंच नव्हती. तीन सालांमागं गुलाबसिंग कुठल्याशा प्रशिक्षणाला गेला आणि येताना बिबट्याच्या पावलाचा प्लास्टरचा ठसा घेऊन आला. बिबट्या तिकडंच चंद्रपूरकडं राहिला. त्याचा डावा पुढचा पाय तेवढा हिंगोली जिल्ह्यात आला. एवढ्या लांबून लेकरं येतात, त्यांना काय वानरं दाखवायची, असं गुलाबसिंगचं म्हणणं पडलं. तेव्हापासून ग्यानोबा सकाळी पाणवठ्यावर जाई आणि चिखलात तो ठसा दाबत-दाबत झाडीपर्यंत बिबट्या चालवून येई. गुरुजी लोक वहीत त्याचं चित्र काढत. हे जनावर उरलेले तीन पाय कुठं ठेवतं, असं कुण्या गुरुजीनं कधी विचारलं नाही.

गावातल्या शहाण्यांनी मात्र त्या पायाचा उपयोग बरोबर ओळखला. पहिल्यांदा आला कोंडीबा. त्याचा ऊस चोर मोडून नेत होते. त्यानं ठसा दोन दिवस उसना नेला, बांधाबांधानं उठवला, आणि चोरी थांबली. मग आणखी तिघं-चौघं आले. कुणाचा कापूस, कुणाच्या शेंगा. चाळणी उसनी न्यावी तसा ठसा न्यायचा, काम झालं की आणून द्यायचा, आणि कुठं बोलायचं नाही. बोललं तर आपलीच राखण जाणार. त्यामुळं ही युक्ती आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं. आणि बाकीचं गाव तीन सालं एका पायाला भिऊन दिवस मावळायच्या आत घरी येत होतं.

शेवटचा आला सटवाजी, नर्मदाबाईचा नवरा. आठ दिवस झाले. हरभऱ्याचे घाटे चोरीला जाऊन राहिले, म्हणाला.

आता तोच सटवाजी बांधावर डोकं धरून रडत होता आणि त्याची भावकी त्याला सांभाळत होती. पलीकडं दोघं तिरडी बांधत होते. नर्मदाबाईचं माहेर जवळा बाजारचं. तिकडं माणूस गेला होता. माहेरच्यांनी तोंड बघितल्याशिवाय सासुरवाशिणीला उचलत नाहीत. पण सटवाजीचा भाऊ मुन्ना सगळ्यांना समजावत फिरत होता, की बाईची अवस्था आईबापाला बघवणार नाही, आणि दवाखान्यातली चिरफाड तर नकोच. पोलीस चौकीचा जमादारही ऊन डोक्यावर यायच्या आत मोकळा व्हायला बघत होता. वनखात्यानं ठसा काढून बिबट्या लिहून द्यावा, दोन पंचांच्या सह्या व्हाव्यात आणि लगेच अग्नी द्यावा, असं ठरलं होतं. एक पंच ग्यानोबा.

त्यानं पत्रा सोडवला, प्लास्टर मातीतून अलगद उचललं आणि तांब्यातल्या पाण्यानं धुतलं.

मधल्या बोटाची कड तुटलेली होती. दोन सालांमागं झाडताना टेबलावरचा ठसा त्याच्याच हातून पडला होता, तेव्हा तुटली होती ती कड. ग्यानोबा तसाच उकिडवा पुढच्या ठशाकडं सरकला. मग त्याच्या पुढच्या. शेवटचा ठसा नर्मदाबाईच्या हाताजवळ होता. वाऱ्यानं धोतर थोडं हललं आणि त्याला गळा दिसला. दातांनी फाडलेलं मांस त्यानं खूप पाहिलं होतं. हे एका रेषेत होतं, विळ्यानं कडबा कापावा तसं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती बायकांबरोबर केंद्र बघायला आली होती. मनगटावर काळंनिळं होतं. सटवाजीचा हात चालतो हे गावाला पाठ होतं, कुणी त्याचं नवल करत नव्हतं. बाकीच्या पुढं गेल्या तेव्हा तिनं टेबलावरच्या ठशाशेजारी आपला पंजा ठेवून पाहिला होता.

"यानं कवा कुणाला मारलं का हो, भाऊ?"

"न्हाई, बाई. हा कुणालाच काही करत न्हाई."

"मंग बरा हाय," ती म्हणाली होती.

गुलाबसिंग त्याच्या खांद्याशी वाकला. तुटलेली कड त्यालाही ओळखू आली होती. त्याचा चेहरा उतरला होता. तो हळू आवाजात म्हणाला, की बाई तर गेली, आता ती काही येत नाही. केंद्र बंद पडलं तर सगळेच मरतील. गुमान बिबट्या सांग, पुढच्या सालापासून तुला बारमाही करतो. सात हंगाम ग्यानोबा ह्या एका शब्दाची वाट पाहत होता. पंचफुला, त्याची बायको, तर दर होळीला खाकी शर्ट धुऊन घडी घालताना तेवढंच विचारायची.

मुन्ना काठी टेकत जवळ येऊन उभा राहिला. काठीच्या टोकाला तरसाचे केस चिकटले होते.

"बिबट्याच हाय ना?" तो म्हणाला. "बराबर बघ."

जमादारानं कागद गुडघ्यावर घेतला. "सांग. काय लिहू?"

"पाय लिहा आदी, साहेब," ग्यानोबा म्हणाला. "डावा, पुढचा."

"डावा पुढचा. बरं."

"त्याच्या म्होरला बी डावा पुढचा. त्याच्या म्होरला बी. पाटापासून बाईपतोर अठरा ठसे हायेत. अठराच्या अठरा डावे पुढचे."

जमादाराचा पेन थांबला. उन्हानं डोकं फिरलंय ह्याचं, असं गुलाबसिंग म्हणाला. पण कुणी त्याच्याकडं बघितलं नाही.

"जनावर एका पायावर न्हाई चालत. ह्यो पाय आमच्या केंद्रातला हाय. पाणवठ्यावर मीच उठवत व्हतो." ग्यानोबानं हातातलं प्लास्टर पुढं केलं. "आन् आठ दिवसांमागं उसना बी मीच दिला."

पुढं बोलायच्या आत मुन्नाची काठी त्याच्या खांद्यावर बसली. दुसरी कानावर. ग्यानोबा पाटात तोंडावर पडला, तोंडात चिखल आणि रक्त एकदम आलं. आमच्या वहिनीच्या मढ्यावर खोटं बोलतो, असं काहीतरी मुन्ना ओरडत होता. त्याच्यामागून आणखी दोन काठ्या उठल्या. सकाळपासून हात तयारच होते. एक पाठीत बसली, एक बरगडीत, आतून काहीतरी मोडल्याचा आवाज ग्यानोबाला स्वतःला ऐकू आला. जमादार शिट्टी शोधत होता.

पाचवा घाव आला नाही. कोंडीबानं मुन्नाची काठी वरच्या वर धरली होती.

"थांब," तो म्हणाला. "परसाली माझ्याकडं बी व्हता तो."

गर्दीत कुणी कुणाकडं पाहिलं नाही. मागच्या रांगेतल्या एकानं कुऱ्हाड हळूच खाली टेकवली. मग दुसऱ्यानं. तिरडी बांधणाऱ्या दोघांनी सुतळी हातातच धरून ठेवली.

कोंडीबानं काठी सोडली नाही. मुन्नाच्या डोक्यावरून पलीकडं बघत त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. शेजाऱ्याला रोज विचारावं तसंच विचारलं.

"सटवाजी, ठसा देला का रे वापस?"

सटवाजीनं उपरण्यानं डोळे पुसले.

"न्हाई," तो म्हणाला. "आज-उद्या देणारच व्हतो."