रविवारचं रान

सावळीरामनं रिकाम्या प्लॉटातल्या वाळक्या गवतात बसकण मारली आणि पँटीला कुसळं टोचायला घेतली. आधी डावा पाय, गुडघ्याखाली दाट आणि वर विरळ. मग उजवा. माघातली उन्हं उतरत आली होती. इंदिरानगरात तेव्हा घरं कमी आणि गवत माजलेले प्लॉट जास्त, त्यामुळे बघायला सहसा कोणी नसायचं. नेमका आज एक सायकलवाला थांबला.

"काय हरवलं का मामा?"

"नाही बाबा. कुसळं लागलीत, काढत बसलोय."

सायकलवाला गेल्यावर सावळीरामनं चिमटीतलं कुसळ शिवणीत खोचलं. कॅनव्हासच्या बुटांवर मूठभर माती चोळली. थैलीत वरच ठेवलेलं सावरीचं लाल फूल चेंगरलं नाही ना, ते पाहिलं आणि दिवसभर डोंगर तुडवून आलेल्या माणसासारखे पाय ओढत तो घराकडे निघाला. कचेरीत शिस्तीचा कारकून म्हणून त्याचं नाव होतं. पंचावन्नाव्या वर्षी असला उद्योग करताना त्याची त्यालाच लाज वाटायची. पण दिवाळीपासून एकाही रविवारी त्यानं तो चुकवला नव्हता.

घरी मालनबाई खिडकीशी वाट पाहत असणार, हे त्याला ठाऊक होतं.

या दोघांना रानाचं वेड लग्नापासूनचं. इतर जोडपी रविवारी सिनेमाला जायची, हे दोघं भाकरी बांधून पहाटेची एसटी धरायचे. हरसूलचं रान, पेठचा घाट, दिंडोरीकडचे डोंगर, कधी पार सुरगाण्यापर्यंत. तेव्हा ते जुन्या वस्तीत राहायचे. तिथल्या बायका नळावर मालनला विचारायच्या, "रानातून आलीस तर मोळी कुठंय?" रानात जायचं ते लाकूडफाट्याला, नाहीतर गुरांमागे. नुसतं बघायला कोण जातं? मालन हसून म्हणायची, "बघितलं तेच डोक्यावर घेऊन आले." बायका तिला वेडी ठरवून हंडे उचलायच्या.

कुठल्या रानात जायचं ते मात्र मालनच ठरवायची. एकदा पेठकडे शेवटची गाडी चुकली आणि दोघांना थांब्यावर कुडकुडत रात्र काढावी लागली, तेव्हापासून तिनं तीन गोष्टींचा दंडक घातला होता. सावली हवी, पाणी हवं आणि दिवेलागणीला घरी पोचवणारी गाडी हवी. या तिन्हींत बसेल ते रान चांगलं. बाकी कितीही देखणं असलं तरी ते आपल्या कामाचं नाही. शनिवारी रात्रीची भांडी झाली की ती पदराला हात पुसत बसायची आणि एकेक रान असं काही तपासायची, की मुलीला स्थळ बघणाऱ्या बापानंही शिकून घ्यावं.

तीन वर्षांपूर्वी मालनचा मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला. हाड सांधलं, चालणं काही सांधलं नाही. काठीच्या आधारानं ती मोरीपर्यंत आणि दारापर्यंत जायची, तेवढंच. सावळीरामनं कितीदा म्हणून पाहिलं, रिक्षा करू, गंगेच्या घाटावर जाऊन बसू. ती म्हणायची, "रान नाही दिसायचं तर बाहेर पडून काय करू?" खिडकीतून तिला पांडवलेण्याचा डोंगर दिसायचा. बुद्धपौर्णिमेला ज्या पायऱ्या ती सगळ्यांच्या आधी चढून जायची, त्याच पायऱ्या ती आता दिवसभर लांबून बघत बसायची.

एका शनिवारी ती अचानक म्हणाली होती, "तुम्ही जा. रान मी ठरवते. तुम्ही जाऊन या आणि मला सगळं सांगा."

तेव्हापासून तसंच चाललं होतं. सावळीराम जायचा, बघायचा, एखादं पान नाहीतर फूल आणायचा आणि संध्याकाळी सांगायला बसायचा. ती त्याच्या पँटीतली कुसळं वेचत ऐकायची. ऐकताना तिचं तोंड असं उजळायचं, की रविवार कधी येतो असं त्यालाच व्हायचं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी हरसूलचा चढ चढताना त्याच्या छातीत काहीतरी घट्ट झालं. तो एका दगडावर बसला तो बराच वेळ उठूच शकला नाही. डॉक्टरांनी चढ-उताराला साफ मनाई केली. हे घरी सांगायचं म्हणजे मालनच्या खिडकीला बाहेरून फळी ठोकण्यासारखंच होतं. त्याच्यानं ते झालं नाही.

म्हणून तो रविवारी निघायचा आणि सीबीएसच्या एसटी स्टँडवर, हरसूल-पेठच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर दिवस काढायचा. गाड्यांच्या पाट्या वाचायचा. गाडी सुटली की तिच्यामागे नजर जाईल तेवढी जाऊ द्यायचा. तिकडून येणाऱ्यांना विचारायचा, ओढ्याला पाणी आहे का, मोहाची पानगळ झाली का. लोक आधी चमकायचे, मग भरभरून सांगायचे. आज बोरांची पाटी घेऊन चिमणाबाई नावाची म्हातारी हरसूलच्या गाडीतून उतरली होती.

"सावर फुलली का आजी?"

"लय फुललीय. पान एक नाय, नुसती लालेलाल," असं म्हणून तिनं पाटीत खोचलेलं फूलच काढून त्याच्या हातावर ठेवलं होतं.

सावळीराम घरी आला. लेंगा चढवून त्यानं पँट मालनकडे दिली. तिनं मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, दिवा लावायला सांगितला आणि चिमटीनं कुसळं उपसायला लागली. फूल तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं होतं.

"मग? कुठवर गेलात?"

"पार वरच्या पाण्यापर्यंत. सावरीला एक पान नाही बघ. नुसती लालेलाल. खाली फुलांचा सडा, आणि गुरं ती फुलं खातायत."

"आणि ओढा?"

"बारीक झालाय. पण वाहतोय."

"आपण बसायचो तो खडक?"

"आहे की. तिथंच भाकरी खाल्ली."

मालननं डोळे मिटले. खडक, ओढा, वर लाल झाड, सगळं ती जागच्या जागी मांडत असणार. सावळीरामला गलबलून आलं. ती कुठंतरी पोचली होती, आणि आपण तिथं तिच्याबरोबर नव्हतो, असं त्याला वाटलं.

"मोजे आणा इकडे," डोळे उघडून ती म्हणाली.

त्यानं बेसावधपणे मोजे काढून दिले. तिनं ते उलटे केले, बोटं आत घालून दिव्यापुढे धरले. मग कागदावरच्या कुसळांच्या ढिगाशेजारी नीट मांडून ठेवले.

"कोरे आहेत."

"वीण घट्ट आहे ना. अडकत नाही."

"गुडघ्यापर्यंत कुसळं आणि मोज्यात एक नाही," मालन म्हणाली. "उडत गेला होता का?"

सावळीराम उठून पाणी प्यायला. तांब्या जागेवर ठेवायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"मागच्या रविवारीही कोरे होते," ती मागून म्हणाली. "थंडी सुरू झाली तेव्हापासून कोरेच आहेत."

"दम लागतो गं," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "चढवत नाही मला आता. डॉक्टर नको म्हणालेत."

"कळतं मला. जिना चढून आलात की दाराबाहेर थांबता. किल्ली शोधतोय असं दाखवता. दार तर उघडंच असतं."

तो वळला. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत राहिला, तो त्याला सापडला नाही.

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही जायचंच थांबवलं असतं." "मग रविवारी मी कशाची वाट बघायची?"

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सावळीराम तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. मग तिनंच विचारलं,

"दिवसभर असता कुठं?"

"स्टँडवर. हरसूलची गाडी लागते तिथं. तिकडून माणसं येतात, त्यांना विचारतो."

"म्हणजे सावर फुललीय ते खरं?"

"खरं. ओढाही खरा. एक म्हातारी आली होती बोरं घेऊन, तिनं सांगितलं. फूलही तिचंच." मग मान खाली घालून म्हणाला, "खडकाचं मात्र मी पदरचं सांगितलं. तो कोण ओळखणार?"

मालननं हात लांबवून फूल उचललं. एकेक पाकळी बोटानं सरळ केली.

"पळसाचं विचारलंत?"

"नाही. राहिलं."

"तुम्हाला विचारताच येत नाही," ती पुटपुटली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. पांडवलेण्याचा डोंगर अंधारात मिसळत होता. तिकडे बघतच तिनं विचारलं, "तिथं सावली आहे?"

"कुठं?"

"स्टँडवर."

सावळीरामला आधी उमजलं नाही. उमजलं तेव्हा त्यानं सांगितलं, "आहे. मोठी शेड आहे."

"पाणी?"

"नळ आहे. प्यायचं पाणी आहे."

"आणि दिवेलागणीला घरी?"

"रिक्षा," तो म्हणाला. "केव्हाही मिळते."

मालननं पँटीची घडी घातली, कुसळं कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"मग पुढच्या रविवारी तेच. भाकरी दोघांची बांधते."

सावळीराम कागद टाकून आला आणि स्टुलावर चढून माळ्यावर हात घालून काहीतरी चाचपू लागला. दम लागला, तसा थांबला. या वेळी त्यानं किल्ली शोधायचं नाटक केलं नाही.

"काय शोधताय?"

"तुझे बूट," तो म्हणाला.