नोंद सदतीस

टाचणी गंजली होती, आणि तिचा तांबूस डाग चहाच्या पावतीवरून खालच्या पानावर उतरला होता; सरिताने तो नखाने खरवडून पाहिला, निघाला नाही. नोंद पस्तीस. समोर गोटुलाच्या, गावाच्या सभाघराच्या, अंगणात सगळं गाव मांडी घालून बसलेलं, आणि ती वाचत होती – तेंदूच्या पोत्यांची सुतळी, नऊशे चाळीस... आवाज ठणठणीत निघत होता, तिचं तिलाच नवल वाटत होतं. अजून एक ओळ, मग ती.

गावाची रीतच तशी. जंगलावर ग्रामसभेचा हक्क आला, तेंदू-बांबूचा पैसा गावाच्या खात्यात पडू लागला, तेव्हापासून वर्षातून एकदा प्रत्येक खर्च मोठ्याने वाचायचा, ज्याला विचारायचं त्याने विचारायचं, हात वर झाले की पुढची ओळ. आणि गावाला विचारायला शिकवलं कोणी, तर सरितानेच. आधीच्या सचिवाने ‘दोनच दिवसांसाठी’ म्हणून गावाची रोकड उचलली आणि त्याचे ते दोन दिवस काही संपेचनात, तेव्हा हिने भर सभेत उभं राहून नियम करून घेतला होता – सभा बसल्याशिवाय पेटीतला रुपया हलणार नाही, मग तो कुणासाठीही असो. कुणासाठीही... हा शब्द तिनेच सुचवला होता. काय रुबाबात बसला होता तो ठरावात! पहिल्या वर्षी बाया पदराआड नुसत्या हसायच्या, आता गिरजाबाईसारखी अंगठा लावणारी म्हातारीसुद्धा खडसावून विचारते, मागच्या साली सुतळी सातशेची होती, यंदा नऊशेची काऊन झाली. आत्ताही तिने विचारलंच. सरिताने भाव वाढल्याचं सांगितलं, म्हातारीने मान डोलावली, हात वर गेले.

छत्तीस. पाण्याच्या टाकीची तोटी...

...आठ महिन्यांपूर्वी ताप दुपारी चढला होता. तिची लेक दिव्यानी सहा वर्षांची, तापातही बडबड चालूच. गावच्या आशाताईने बोट टोचून पाहिलं, मलेरिया म्हणाली, डोक्यात चढायच्या आत चामोर्शीच्या दवाखान्यात न्या. सरकारी गाडी दुसऱ्या गावाला गेलेली. जीपवाला डिझेलसाठी तीन हजार आधी मागत होता, घरात होते साडेचारशे, आणि ज्यांच्याकडे हात पसरावा ती सगळी घरं लग्नाला गेलेली, सकाळी परतणार, तोवर सभाही बसणार नव्हती. सचिव आता सरिताच, म्हणून पेटी तिच्या खाटेखाली होती. पेटीत गावाचे अकरा हजार चारशे, तिने स्वतः दोनदा मोजून ठेवलेले. निकेशने, तिच्या नवऱ्याने, पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“गावाचे पैसे हायेत,” ती म्हणाली. “सकाळी सभा बसवू.”

“बरं,” तो म्हणाला. एवढंच.

मी काय वाईट आई होते? नव्हते. वाटलं, ताप आहे, उतरेल... कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होते, आणि – हे कुणाला सांगू – मध्येच एकदा मनात आलं, उद्या गाव म्हणेल, बघा, स्वतःच्या पोरीसाठीसुद्धा हिने नियम मोडला नाही. क्षणभरच आलं, पण आलं होतं. पोर भाजत होती आणि मला गावाची शाबासकी ऐकू येत होती.

सकाळी सभेला पाच मिनिटंही लागली नाहीत. सगळे हात वर. जीप निघाली, आणि चामोर्शी आठ किलोमीटरवर असताना तिच्या मांडीवरचं ते अंग एकदम जड झालं. जीपवाल्याने पैसे घेतले नाहीत.

“नोंद सदतीस,” सरिताने वाचलं. “दिव्यानी निकेश मडावी, उपचार. मंजूर तीन हजार. खर्च... काही नाही. रक्कम पेटीत परत.”

नियमाप्रमाणे तिने विचारलं, “कोणाले विचाराचं हाय काय?”

आणि ती थांबली. आठ महिने ती याच क्षणाच्या धास्तीने झुरत होती – कुणीतरी म्हणेल, पेटी घरातच होती तर थांबली काऊन? उत्तरही घोकून ठेवलं होतं. आणि आता गिरजाबाईकडे पाहत ती मनातल्या मनात विनवत होती, विचार ना म्हातारे, सुतळीचं विचारतेस, हे विचार... गिरजाबाईने डोळे पुसले आणि मान खाली घातली. सभेचे अध्यक्ष लटारूभाऊ गुडघ्यावर हात टेकत उठले.

“असा हिसाब जिल्ह्यात कोणाचा नसन,” ते म्हणाले. “सरिताबाईनं गावाचा एक रुपया इकडचा तिकडं होऊ देला नाई.”

म्हाताऱ्याला ते मनापासून वाटत होतं, आणि तेच तिला सोसवेना.

हात वर जाऊ लागले. ती मोजत गेली. मागच्या रांगेत खांबाला टेकून निकेश बसला होता. त्यानेही आठ महिन्यांत एकदा विचारलं नव्हतं – जेवायचा, कामाला जायचा, दिव्यानीची चप्पल उंबऱ्याजवळून त्याने हलवली नव्हती, तिलाही हलवू दिली नव्हती. त्याचा हात खालीच होता. तिच्या छातीत आशेसारखं काहीतरी उसळलं... आता उठेल, आता तरी विचारेल, शिवी देईल, सगळ्यांसमोर म्हणेल काय म्हणायचं ते. त्याने तिच्याकडे पाहिलं, शांतपणे, आणि हात वर केला.

त्र्याऐंशी, तिने लिहिलं. गावाला पटलं होतं, एकूण एक माणसाला. आता तिला यापुढे कुणीही काही विचारणार नव्हतं, घरात नाही की दारात नाही... तिने पान उलटलं, अडतिसाव्या नोंदीवर बोट ठेवलं, आणि पहिलाच शब्द तिला वाचता येईना.