डबल बेल

आमचे हे एसटीचे ड्रायव्हर. म्हणजे होते, मार्चअखेरीला रिटायर झाले. सव्वीस वर्षं गाडी चालवली आणि साधा ओरखडासुद्धा नाही. त्याबद्दल एक बिल्ला मिळाला. तो त्यांनी देवघराशेजारी खिळा ठोकून लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहाच्या आधी दाखवायला सुरुवात केली. मे महिन्यात आमचा शिवा मुंबईहून कॉम्प्युटर घेऊन आला, तेव्हा त्या बिल्ल्यावर असा प्रसंग येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

शिवा मुंबईला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला. एका दुबईवाल्या गिऱ्हाइकाने बिघडलेला कॉम्प्युटर याला देऊन टाकला. याने तो चालू केला आणि आठ दिवसांच्या रजेत आम्हाला दाखवायला रत्नागिरीला आणला. मला वाटलं, कपाटाएवढं काहीतरी असेल. निघालं ते पोळपाटाएवढं, वर रबरी बटणं. ते टीव्हीला जोडायचं, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि त्यात कॅसेट लावायची. कॅसेटमधून गाणं नाही, पाच मिनिटं नुसती किंकाळी. एवढं सोसलं की टीव्हीत एक रस्ता यायचा आणि त्या रस्त्यावर पाठमोरा मोटरसायकलवाला. वेग, ब्रेक, डावं, उजवं अशी चार बटणं. ठरलेल्या सेकंदांत पुढच्या झेंड्यापर्यंत पोचायचं, नाहीतर खेळ खलास.

शेजारचे रावजी पहिल्याच दिवशी हजर. रावजी हे यांचेच जुने कंडक्टर, बारा वर्षं दोघांनी एका गाडीवर काढलेली. जन्मात कधी सायकल चालवली नाही त्यांनी. पण बसले बटणांसमोर. झाडावर गेले, दगडावर गेले, चार वेळा सपशेल आपटले आणि तरी झेंड्यापर्यंत पोचले. मग पानाला चुना लावत म्हणाले, "भागोजी, आता तू बस. तू तर बिल्लेवाला."

हे बसले. आधी परसातलं जास्वंदीचं फूल आणून टीव्हीवर ठेवलं. यंत्राला हात लावून नमस्कार केला. आणि नुसतेच बसून राहिले.

"बाबा, वेगाचं बटण दाबा," शिवा म्हणाला.

"बेल कुटं झाली?"

"कसली बेल?"

"डबल बेल. बेलीशिवाय गाडी हलवायची नाय."

तिकडे सेकंद चाललेले. शिवाने कपाळाला हात लावला. मी रावजींना म्हटलं, तुम्ही तरी काहीतरी वाजवा, तर म्हणाले, "वैनी, मी ड्युटीवर नाय." शेवटी मीच उठले, देवघरातली घंटी आणली आणि दोनदा वाजवली. देवाची घंटी आहे हे मला कळतं. पण नवऱ्याला हसायचा हक्क माझा, रावजींचा नव्हे.

मोटरसायकल निघाली ती अगदी यांच्या दापोलीच्या गाडीसारखी. वळण दिसलं की ब्रेक. पुढे कुणी दिसला की वेग कमी. दर थोड्या वेळाने "हॉर्न कुटं हाय?" मागून येणारे भराभर पुढे जात होते आणि हे प्रत्येकाला हाताने 'जा बाबा' म्हणत होते. झेंडा दिसायच्या आतच वेळ संपली.

"पडलो काय?" त्यांनी विचारलं.

"पडला नाहीत," शिवा म्हणाला.

"मग झालं तर."

पण झालं नव्हतं. रावजी रोज सकाळी यायचे, स्वतः आपटत-धोपटत झेंडा गाठायचे आणि जाताना सांगायचे, "भागोजी, माझे पॅसेंजर पोचले. तुझे अजून ष्टँडातच." हे वरवर हसायचे, पण त्यांचा भात कमी झाला. आलेल्यांना बिल्ला दाखवणं बंद झालं. शुक्रवारी माझ्याजवळ बोलले, "रविवारी शिवा जाईल, यंत्र पण जाईल. त्याच्या आधी एकदा झेंडा गाठायचा. पन न पडता. पडून काय, रावजी पन गाठतो." मी म्हणणार होते की अहो, खेळ आहे तो. त्यांचं तोंड बघून गप्प बसले, आणि माझं गप्प बसणं ही आमच्या घरातली साधी गोष्ट नव्हे.

रविवारी शिवाची बॅग भरून झाली. दुपारच्या गाडीला अजून दीड तास होता. त्याने शेवटची म्हणून कॅसेट लावली. रावजी पानाचा डबा घेऊन आलेच. यांनी ताजं फूल ठेवलं, मी घंटी दोनदा वाजवली.

त्या दिवशी यांनी बटण दाबलं ते दाबलंच. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. लांबवर झेंडा दिसला. आठ सेकंद उरलेले आणि पुढे दोन मोटरसायकली शेजारी शेजारी. यांचं बोट ब्रेककडे गेलेलं मी पाहिलं. तिथे जरासं थांबलं आणि परत आलं. हे गाडी दोघांच्या मधून काढायला गेले आणि सरळ झाडावर. मोटरसायकल उलटीपालटी, माणूस लांब जाऊन पडलेला.

रावजीसुद्धा हसले नाहीत. शिवा उगाच टेपरेकॉर्डरची वायर चाचपू लागला. मी बिल्ल्याकडे पाहिलं नाही.

टीव्हीतला माणूस उठला आणि पुन्हा गाडीवर बसला.

"लागलं नाय त्याला?" यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"मागं कोन बसलेला?"

"कोणी नाही. एकटाच आहे तो."

"एकटाच," हे म्हणाले. मग त्यांनी वेगाचं बटण दाबलं आणि गाडी मुद्दाम पुढच्या झाडावर घातली. माणूस उठला. मग दगडावर घातली. तो पुन्हा उठला. वेळ संपली, तरी यांनी शिवाला खेळ परत सुरू करायला लावला, आणि या वेळी बेलीची वाटही पाहिली नाही. आठ-दहा वेळा तरी आपटले असतील. प्रत्येक वेळी हसत होते, इतके की डोळ्यांतून पाणी आलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. झेंड्याचं नाव कुणी काढलं नाही.

मग डोळे पुसत टीव्हीकडेच बघून बोलले, "सव्वीस वर्षं. रोज डबल बेल झाली की पोटात गोळा यायचा. मागं पन्नास मानसं, त्यात पोरंबाळं. कुनाला बोललो नाय."

रावजींनी पानाचा डबा बाजूला ठेवला. "मना वाटायचं तुला भ्याच वाटत नाय," ते म्हणाले. "त्याच भरवशावर मी बेल मारायचो."

मला आधी राग आला. सव्वीस वर्षं मीही यांची पावलं अंगणात वाजेपर्यंत जीव मुठीत धरून बसत होते. बोलले नाही, कारण बोलले तर यांना वाटेल, हिचा आपल्यावर विश्वास नाही. एका घरात दोन माणसं आपापला गोळा सांभाळत बसली आणि एकमेकांना चहा देत राहिली. मला रडू येत होतं, म्हणून मी आवाज चढवला.

"सरका तिकडं. आता माझी पाळी. धरा ही घंटी."

"आये, माझी गाडी चुकेल," शिवा म्हणाला.

"पुढची मिळंल."

मी पाटावर बसले. हे उठून माझ्या मागे बसले. मी वेगाच्या बटणावर बोट ठेवलं आणि थांबले, कारण बेलीशिवाय गाडी हलवायची नाही एवढं मलाही कळतं. त्यांनी घंटी दोनदा वाजवली.

माझ्या पोटात खरंच गोळा आला. मागे हे बसले होते ना.