निळ्या खुर्चीवरचे साहेब

आमचे विद्याधरराव बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढायचा पगार घेत होते. निवृत्त झाले आणि के. आर. पुरममध्ये आमच्या घराचं बांधकाम निघालं. देवानेच सोय केली म्हणायची. सकाळी नाश्ता करून ते साइटवर जात, जिथे काम चालू असेल तिथे निळी प्लास्टिकची खुर्ची टाकत आणि दिवसभर ओरडत. "ओळंबा धरलास का?" "पाणी मार, पाणी!" संध्याकाळी बसलेला घसा आणि फुललेला चेहरा घेऊन परत येत. मी दिवसभर सुखात असे.

मग आमच्या मुलाने, आशयने, त्यात यंत्रं घातली. आशय इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करतो आणि तिथेच राहतो. त्याच्या घरात दिवासुद्धा हाक मारल्याशिवाय लागत नाही. त्याने साइटवर कॅमेरे बसवले, भोंगा बसवला, काँक्रीटमध्ये ओल मोजणारे सेन्सर पुरले आणि प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या नावाचं स्मार्ट हेल्मेट दिलं. माणूस कुठे आहे, हलतोय की नाही, डोकं किती तापलंय, सगळं त्या हेल्मेटमधून फोनवर कळतं. विद्याधररावांचं डोकं तापलंय हे कळायला मला तरी कधी हेल्मेट लागलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत यंत्राने निकाल दिला.

"बाबा, सिस्टिम म्हणतेय की साइटवरचा सगळ्यात मोठा धोका तुम्हीच आहात," आशय म्हणाला. "सामान वर चढतं त्याच्या बरोब्बर खाली खुर्ची टाकता. आणि भांडताना हेल्मेट काढून हातात घेता."

"मग काय डोक्यावर ठेवून भांडू?"

"आता घरी बसा. सगळं फोनवर दिसेल तुम्हाला."

विद्याधररावांनी हेल्मेट साइटवरच्या खिळ्याला अडकवलं, रागाने फोन बंद करून कपाटात टाकला आणि घरी बसले. घरी म्हणजे कुठे, तर माझ्या ओट्यापाशी.

"मोहरी तडतडायच्या आत जिरं कसं घातलंस?" "कांद्याचे तुकडे एकसारखे नाहीत." एके दिवशी त्यांनी पोळीला फूटपट्टी लावली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण लाटण्याचा दुसरा उपयोग मला पहिल्यांदाच सुचला.

पण खरं सांगते, राग यायचा तितकीच कीवही यायची. खोबरं जाडं राहिलं म्हणताना त्यांच्या आवाजात पूर्वीचा दम नव्हता. मला माझं स्वयंपाकघर परत हवं होतं आणि त्यांना त्यांची खुर्ची. आशयला सांगून पाहिलं, तर म्हणाला, "आई, डेटा आहे." डेटापुढे आईचं काय चालणार?

अशात स्लॅबचा दिवस जवळ आला आणि कंत्राटदार कल्लाप्पा दारात उभा राहिला. हा बेळगावकडचा, मराठी आणि कन्नड एकाच घासात खातो.

"अक्का, सरांचा एक जुना शर्ट द्या की. दृष्टीगोंबे करायचाय."

इथे बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून पेंढ्याचं बाहुलं लावतात. चांगल्या झुपकेदार मिशा, बाहेर काढलेली लांब जीभ. त्याच्या अंगात मालकाचाच शर्ट हवा, असं कल्लाप्पाचं म्हणणं. मी उभ्या रेघांचा शर्ट काढून दिला. "पेंढा कोरडा घे," एवढं बोलून विद्याधरराव परत आत गेले. एरवी पेंढ्यावर त्यांनी तासभर घेतला असता.

दुसऱ्या दिवशी मी चटणी वाटत होते. आशयने ते साइटचं अ‍ॅप माझ्याही फोनवर घातलं होतं. ते सारखं टुणटुणायचं, म्हणून मी फोन मुका करून ठेवलेला. सहज पाहिलं तर आशयचे ढीगभर कॉल येऊन गेलेले. मी उलट लावला.

"आई!" तो चक्क रडत होता. "बाबा साइटवर वरच्या मजल्यावर आहेत. सकाळपासून हलले नाहीत. अंग गार पडलंय त्यांचं! मी निघालोय, पण फ्लायओव्हरवर अडकलोय. तू धीर सोडू नकोस."

मी मान वळवून पाहिलं.

"मग इथे माझ्या चटणीत मीठ कमी आहे म्हणतंय ते कोण?"

पलीकडे हॉर्न वाजत होते. "पण आई, हेल्मेट बाबांच्या नावाचं आहे. कॅमेऱ्यात पाठमोरा शर्टही त्यांचाच दिसतोय."

"अरे, नवरा माझा आहे. मला ओळखू येतो."

"कोण गेलं?" फोनमधलं रडणं ऐकून विद्याधररावांनी चमचा चाटत विचारलं.

"तुम्ही."

"कधी?"

"सकाळीच म्हणे."

आम्ही साइटवर पोचलो आणि मागोमाग आशयही धापा टाकत आला. वरच्या मजल्यावर निळ्या खुर्चीत बाहुलं ऐटीत बसलं होतं. अंगात उभ्या रेघांचा शर्ट, डोक्यावर विद्याधररावांच्या नावाचं हेल्मेट.

"काय करू अक्का?" कल्लाप्पा कळवळून म्हणाला. "भोंगा थांबेना. गोंबेकडे बघून 'हेल्मेट घाला, हेल्मेट घाला' ओरडत होता. खिळ्यावरचं काढून घातलं डोक्यात, गप्प झाला. सरी, बरं झालं म्हटलं."

"पण खुर्चीवर कशाला बसवलंस? बाहुलं बांबूला बांधतात ना?"

कल्लाप्पा पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. "खुर्ची रिकामी बघवत नाही, अक्का. सर नाहीत तर कुणी स्वल्पसुद्धा भांडत नाही. मुकाट काम, मुकाट चहा. मसणवट्यात आल्यासारखं वाटतंय. म्हणून सरांना बसवलं."

आशयने फोन पुढे धरला. यंत्राने बाहुल्याला सुरक्षेचे पैकीच्या पैकी गुण दिले होते आणि शेजारीच लाल अक्षरांत लिहिलं होतं, की ही व्यक्ती जिवंत असल्याची खात्री नाही. आशयने ते दोनदा वाचलं आणि लहानपणी पडल्यावर यायचा तसा बापाच्या गळ्यात पडला.

"बाबा, तुम्ही धोका असलात तरी चालेल," तो म्हणाला. "फक्त हेल्मेट डोक्यावर, आणि खुर्ची सामानाखाली नको."

विद्याधररावांना मिठीत काय करायचं असतं ते कधीच कळलेलं नाही. ते त्याच्या खांद्यावरून बाहुल्याकडे बघत राहिले. डोळे भरले होते. मग एकदम आवाज चढला.

"ही गाठ कोणी बांधली? गाठ आहे का ही? कल्लाप्पा!"

"आलो सर!" कल्लाप्पा इतक्या आनंदाने धावला, की कुणाला वाटावं बक्षीसच मिळालं.

त्या दुपारी ओट्यापाशी मी एकटी होते. कढईत मोहरी पडली. ती तडतडायच्या आत मी मुद्दाम जिरं टाकलं. कोणी काही बोललं नाही. मग नुसतं बघावं म्हणून मी ते अ‍ॅप उघडलं. बाहुलं बांबूवर गेलं होतं आणि निळ्या खुर्चीत विद्याधरराव, हेल्मेट डोक्यावर, बोट कल्लाप्पाच्या नाकासमोर. आवाज येत नव्हता, पण शब्दन् शब्द मला कळत होता. खाली अक्षरं आली, की डोक्याचं तापमान वाढत आहे. मी बघतच उभी राहिले आणि इकडे फोडणी जळून कोळसा झाली.

आशयने माझ्या स्वयंपाकघरात अजून कॅमेरा बसवलेला नाही, तेच बरं आहे.