उजवीकडचा ब्रेक

मास्तरांनी पान्याने नट आणखी अर्धा फेरा आवळला, ब्रेकची दांडी पुढे लोटली आणि चाकाच्या खुर्चीला मागून सगळं अंग लावून रेटा दिला. खुर्ची तसूभर हलली नाही. फरशीवर रबर नुसतं करकरलं.

"बघितलंस? आता चार गडी लागले तरी ढिम्म हलायची नाही."

पलंगावर बसलेल्या बायकोने बघितलं आणि मान डोलावली. अंघोळ करून तिला आत्ताच पलंगावर बसवलं होतं. झटका येऊन गेल्यापासून तिची उजवी बाजू कामातून गेली होती. उजवा हात मांडीवर ठेवला तसाच पडून होता.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. बसच्या डेपोत एकतीस वर्षं त्यांनी ब्रेक बसवले, म्हणून सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचे. भरलेली बस चढावर उभी करायची आणि ती इंचभर जरी मागे सरकली तरी काम पुन्हा पहिल्यापासून करायचं, हा त्यांचा खाक्या. असल्या माणसाच्या घरात, त्याच्याच बायकोची खुर्ची मागे सरकली होती. चाकातली हवा कमी झाली होती, त्यामुळे ब्रेक नीट धरत नव्हता आणि यांच्या लक्षात आलं नव्हतं. ती एकटी असताना उठायला गेली, पाय फूटरेस्टवरच होता, खुर्ची मागे गेली आणि ती पुढे तोंडावर पडली. मास्तर औषधं घेऊन आले तेव्हा ती फरशीवर होती. त्या दिवशी ते लहान मुलासारखे रडले आणि पुढच्या कित्येक रात्री त्यांना झोप लागली नाही.

त्याला आता तीन आठवडे झाले होते. त्यानंतर त्यांनी चाकात हवा भरली, ब्रेक आवळले, दोन्ही फूटरेस्टना तिचे पाय धरून ठेवायला पट्टे लावले. बाहेर जाताना तिला खिडकीशी बसवायचं, दोन्ही ब्रेक लावायचे, पट्टे बांधायचे आणि मगच दार ओढायचं. इतकी चोख व्यवस्था त्यांनी एखाद्या बसचीही केली नसेल.

"फूटरेस्ट जरा खाली घ्यायला हवी काय गं? थांब, मीच बसून बघतो."

ते खुर्चीत बसले, पट्टे बांधले, गुडघे किती वर येतात ते पाहिलं. तेवढ्यात दाराजवळच्या टेबलावरचा फोन वाजला. एरवी या वेळेला मास्तर भाजीला गेलेले असत. आज ब्रेकच्या नादात अकरा वाजले होते.

उजवा हात ग्रीसने बरबटलेला, म्हणून त्यांनी डावा हात घातला. डावा ब्रेक कसाबसा सुटला. उजव्या ब्रेकसाठी ते पोटात घडी पडेपर्यंत वाकले. बोटं दांडीला जेमतेम टेकली, पण दांडी काही हलेना. एकतीस वर्षं पाना धरलेला हात तो! दुसऱ्यांदा ओढलं, तिसऱ्यांदा ओढलं. फोन वाजत होता, वाजत होता, आणि मग थांबला.

मास्तरांनी वर पाहिलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती.

"रोज," ती म्हणाली. तिचा एकेक शब्द वेळ घेऊन बाहेर यायचा. "अकराला. दहा वेळा... वाजतो."

अकराचा फोन लेकीचा, हे मास्तरांच्या लगेच ध्यानात आलं. रात्रीच्या जेवणाआधी लेक त्यांच्या मोबाइलवर बोलायची. "बाबा, आई माझा फोन का उचलत नाही? मी आजारपणात आले नाही म्हणून रागावलीये का?" आणि यांनी मोठ्या शहाणपणाने सांगितलं होतं, "अगं, तिला हल्ली कुणाशी बोलावंसंच वाटत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस." काल ती म्हणाली होती, शनिवारपर्यंत करून बघते, मग नाही तिला त्रास देणार. आज शुक्रवार होता.

त्यांनी पट्टे सोडले, हात विजारीला पुसले आणि मोबाइल उचलला.

"आत्ता सांगतो तिला."

"नको." बायकोने डावा हात वर केला. "मी."

मोबाइल खाली ठेवून ते तिच्यासमोर स्टुलावर बसले. "तीन आठवडे! तू बोलली का नाहीस, अगं?"

तिने बराच वेळ शब्द गोळा केले.

"तुम्ही... झोपायला... लागला होतात."

पाना शोधायच्या निमित्ताने मास्तर आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत, पाना बाहेरच होता.

दुपारभर ते खुर्चीपुढे मांडी घालून बसले. नट पाव फेरा सैल करायचा, तिला खुर्चीत घ्यायचं, ओढायला लावायचं. पुन्हा पाव फेरा. उजव्या दांडीवर वीतभर पाइप चढवला, म्हणजे डावा हात पोचेल. डाव्या पायाने तिला जमीन रेटता यावी म्हणून त्या बाजूची फूटरेस्ट काढूनच टाकली. प्रत्येक फेऱ्याला त्यांचा हात अडत होता. सैल ब्रेक सोडून ते आयुष्यात कधी घरी गेले नव्हते.

"थांबलीस की आधी ब्रेक. दोन्ही. मगच बाकीचं. आणि माझ्याशिवाय उठायचं नाही."

"माहितीये," ती म्हणाली.

शनिवारी पावणेअकराला त्यांनी तिला खिडकीशी बसवलं, पिशवी घेतली, दार ओढलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. किल्ली खिशात होती. ती खिशातच राहू द्यायची, असं त्यांनी स्वतःला चारदा बजावलं.

फोन वाजला. एक. दोन. आत काहीच हालचाल नाही. तिसऱ्याला खट्ट झालं, डावा ब्रेक. चार, पाच. उजवा सुटेना. अजून पाव फेरा सैल करायला हवा होता, गाढवा! सहाव्याला खट्ट झालं. मग चाकांचा आवाज, पायाचं घासणं, कशाला तरी धक्का. सात. आठ. किल्ली त्यांच्या हातात कधी आली ते त्यांना कळलं नाही. नऊ वाजला आणि अर्ध्यातच तुटला.

लेकीने ठेवला असेल? आत चिडीचूप. मास्तरांनी दाराला कान लावला. बायको पडली असती तर आवाज झाला असता, असं ते स्वतःला सांगत राहिले.

मग खट्ट झालं. थोडा वेळ गेला, आणि पलीकडचं खट्ट झालं. मग फोनवर बोलणारा तिचा आवाज आला, एकेक शब्द वेळ घेऊन.

मास्तर हळूच पायरीवर बसले. भाजी आणायची राहिली होती, पण किल्ली खिशात टाकून ते तिथेच ऐकत बसले.