सुखी मेंढीची मान

लिफ्टवाल्यांची मुलगी हल्ली फक्त सुखी जनावराचं मटण खायची. जनावर मोकळ्या कुरणात चरलेलं हवं, गवतावरच वाढलेलं हवं, त्याच्यावर कुणी कधी ओरडलेलं नको. वडिलांकडे ती अधूनमधून रविवारी यायची. खुर्चीच्या कडेवर टेकायची, हेल्मेट मांडीवर धरून, आणि चहा संपला की उठायची. जेवायला थांब म्हटलं तर म्हणायची, तुझ्याकडचं मटण कुठून आलंय कुणास ठाऊक.

लिफ्टवाल्यांनी जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, लोकांना वर पोचवलं आणि स्वतः तळमजल्यावर राहिले. बायको गेल्यापासून घरात बोलणारा एक फ्रिज तेवढा होता, तोही घरघरायचा. मेंढी सुखी असली तर पोरगी जेवायला थांबेल, असा त्यांनी हिशेब मांडला आणि ते तसलं मटण विकणाऱ्या नव्या दुकानात गेले.

दुकानात मटणाचा वासच नव्हता. भिंतीवर मेंढ्यांचे फोटो, लग्न जमवायला काढतात तसे. पांढऱ्या डगल्यातला मटणवाला डॉक्टरसारखा हळू बोलत होता. एका मेंढीबद्दल त्यानं सांगितलं, की तिला सकाळचं ऊन आवडायचं, सगळं आयुष्य तिनं कळपात काढलं, एकटी अशी ती कधी राहिलीच नाही. लिफ्टवाल्यांना तिचा जरा हेवा वाटला. पण ती समोर तुकड्यांत पडलेली, म्हणून त्यांनी तो आवरला.

मांडीचं मटण घ्या, मटणवाला म्हणाला, चरबी कमी असते, पटकन होतं.

"सगळ्यात उशिरा काय शिजतं?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

मटणवाला थबकला. गिऱ्हाईकं नेहमी याच्या उलट विचारायची. "मान. सारखी वाकून चरलेली असते ना. मंद आचेवर चार तास तरी धरा."

"मग मानच द्या."

रविवारी त्यांनी कांदा चिरून ठेवला, मिरी कुटून ठेवली, मान पातेल्यात घालून ठेवली, पण बेल वाजेपर्यंत गॅस काही पेटवला नाही. मुलगी आली ती बगलेत खोकं घेऊन. आत नवाकोरा कुकर.

"तुझ्यासाठी आणलाय, बाबा. अर्ध्या तासात सगळं होतं."

लिफ्टवाल्यांचा चेहरा पडला; तिला वाटलं, भारावले. मग तिनं मेंढीची चौकशी केली. फिरायला मिळायचं का? सोबत कोण होतं? ऊन मिळायचं? लिफ्टवाल्यांनी एकेक उत्तर दिलं, जावयाचं कौतुक सांगावं तसं. यातलं काहीच तिनं त्यांच्याबद्दल कधी विचारलं नव्हतं, पण त्यांनी तरी कुठे सांगितलं होतं. ती खूश झाली. पटकन जेवूनच जाते म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

तेवढ्यात त्यांनी कुकरची शिटी काढली. खिशात टाकायला गेले, तर अंगात तिनंच दिलेला स्वेटर, त्याला खिसा नाही. पावलं वाजली. त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं आणि शिटी मटणात टाकली.

मग शोधाशोध. मुलीनं खोकं उलटं केलं, कुकरच्या दुकानदाराला फोन करून झापलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. ती पलंगाखाली घुसली, तिथे तिला शाळेतली स्वतःची चप्पल सापडली. ती पायात जाईना, तरी फरशीवर बसून तिनं बोटं कोंबून पाहिली आणि हसली. हेल्मेट केव्हाच कोपऱ्यात घरंगळलं होतं. लिफ्टवाले पातेल्याखाली गॅस पेटवून ढवळत उभे राहिले.

"जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्यास, आणि एका शिटीपुढे हात टेकलेस?" ती म्हणाली. मग कान देऊन, "पातेल्यात काय वाजतंय रे?"

"हाडं. फार चाललेली मेंढी आहे."

तिनं मान डोलावली. अशा मेंढीबद्दल तिला आदरच होता.

पण मान काही शिजेना. लिफ्टवाल्यांनी दातानं तोडून पाहिली, तर दातच हलला. मैत्रिणीचा फोन आला, दुसरा आला, आणि मुलीनं हेल्मेट उचललं.

"शिजलं की फोन कर, बाबा. डबा न्यायला माणूस पाठवते."

ती गेल्यावर त्यांनी चप्पल पलंगाखाली होती तिथे ठेवली आणि स्टूल घेऊन गॅसपाशी बसले. उन्हं कलली. हाडापासून मटण आपोआप सुटायला लागलं, वास घरभर झाला. त्यांनी गॅस बंद केला, पळीनं शिटी काढली, धुतली, पुसली. चकचकीत निघाली. ताटात दोन तुकडे घेतले. लोण्यासारखे झाले होते.

फोन वाजला.

"झालं का रे?"

लिफ्टवाल्यांनी तोंडातला घास गिळला.

"अजून नाही गं," ते म्हणाले. "तू कर परत फोन थोड्या वेळानं."