डाव्या पायाचा साचा

माझा डावा पाय अकरा नंबरच्या पेटीत होता, पन्नास-साठ परक्या पायांच्या गर्दीत.

लाकडी पाय, अर्थात. माझा खरा डावा पाय जन्मापासून आखूड आणि आत वळलेला आहे. बूटवाल्या म्हातारबांनी त्याच्या मापाचा लाकडी साचा घडवला होता आणि वर्षानुवर्षं त्यावरच माझे बूट शिवले. ते गेले, आणि पुतण्यानं दुकान झाडून सगळं लिलावाच्या गोदामात आणून ओतलं. नवा कारागीर स्पष्ट म्हणाला होता, "ताई, साचा आणा, बूट देतो. असला साचा घडवणं मला जमायचं नाही." पायातल्या बुटाचा तळ फाटला होता. औषधाच्या दुकानात मी दिवसभर उभी असते. साचा गेला तर नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं.

सोबत दादा होता. माझा थोरला भाऊ म्हणजे अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. "तू गप्प बस," तो म्हणाला. "गरज दिसली की भाव चढतो."

लिलावाआधी तासभर माल बघायला मोकळीक होती. लोक वाकून वाकून बघत होते. मूठ नसलेल्या छत्र्या, एका डोळ्याची दुर्बीण, कवळ्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा. एका आजोबांनी तर एक कवळी चक्क तोंडाला लावून पाहिली. एरवी मी पोट धरून हसले असते. पण अकरा नंबरपाशी सजावटवाली बाई उभी होती. हॉटेलांच्या भिंती सजवणं हा तिचा धंदा. हे पाय भिंतीवर टांगणार असल्याचं ती फोनवर कुणाला तरी मोठ्यानं सांगत होती. तिच्यापुढे आमची बोली टिकणार नव्हती.

ती जरा पुढे सरकताच दादानं पेटीत हात घातला. माझा साचा शोधावा लागला नाही, तसा वाकडा दुसरा नव्हताच. त्यानं तो उचलला आणि शेजारच्या बारा नंबरच्या ढिगात, गंजक्या कात्र्या-हातोड्यांखाली सारला.

"दादा, ती पाटी वाच." भिंतीवर लिहिलं होतं, वस्तूंची अदलाबदल करणाऱ्याला बाहेर काढण्यात येईल.

"कोण बघतंय? आणि हे गंजकं लोखंड घेणार कोण? दोन बोलीत आपलं."

मला ते पटलं नाही, तरी मी गप्प बसले. आयुष्यभर तेच केलं होतं. लहानपणी कुणी पायाकडे पाहिलं की दादाच पुढे होऊन सांगायचा, "मुरगळलाय."

अकरा नंबर सजावटवालीनं घेतला. पेटी तिच्या खुर्चीशी जाऊन बसली. मग बारा नंबर पुकारला, आणि हमाल वजनकाटा घेऊन आला.

"काटा कशाला?" दादा पुटपुटला.

"लोखंड इथं वजनावर जातं, साहेब," पुढच्या बाकावरचा भंगारवाला म्हणाला. "लाकूडबिकूड आधी बाहेर काढतात."

हमालानं ढीग उपसला. माझा साचा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा पाय इकडे कसा चालत आला?" सगळे हसले. त्यानं तो सजावटवालीच्या पेटीत टाकून दिला.

दादा पांढराफटक पडला. "आता तोंड उघडलं तर चोर ठरू," तो कुजबुजला. "नंतर भेटू तिला."

"भिंतीत खिळे ठोकल्यावर?"

मी उठले. "थांबा! तो साचा माझ्या पायाचा आहे. ढिगात आम्हीच लपवला होता."

लिलाववाल्यानं हातोडी खाली ठेवली. "ताई, पाटी वाचलीत ना? विकलेला माल आता या बाईंचा. तुम्ही दोघं बाहेर व्हा."

"शिवाय तुमचा कशावरून?" सजावटवालीनं पेटी जवळ ओढली. "या वाकड्यासाठीच तर मी पेटी घेतली. मधोमध लावणार आहे तो."

हमाल आमच्याकडे यायला निघाला. दादानं माझी बाही ओढली. "चल ना गं, लोक बघतायत."

"बघू देत."

मी सजावटवालीसमोरच्या स्टुलावर बसले आणि नाडी सोडायला लागले. गाठ सुटता सुटेना. बूट काढला, मोजा काढला. डॉक्टर आणि म्हातारबा सोडले तर बाहेरच्या कुणी हा पाय उघडा पाहिला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता ठेवा शेजारी," मी म्हणाले.

तिनं साचा माझ्या पायाला लागून ठेवला. करंगळीखालचा उंचवटा, आत वळलेला चवडा, अर्धवट टाच. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. हमालही थांबला. मग तिनं साचा उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि लिलाववाल्याकडे वळली. "माझा माल आहे ना? मग मी यांना दिला. पुढचा नंबर घ्या."

दादा माझ्यासमोर उकिडवा बसला होता, मोजा हातात धरून. तो माझ्या पायावर चढवणं त्याला जमेना. नुसता पायाकडे बघत होता. एका घरात वाढलो आम्ही, पण इतक्या जवळून त्यानं तो कधीच पाहिला नव्हता.

"दुखतो का गं?" त्यानं विचारलं.

मला त्याचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

"रोज," मी म्हणाले.